हमीदाचाचीच्या हाताखालून

नोकरीवर रुजू व्हायला निघालेली आणि रुजू होण्याआधीच अर्ध्या वाटेतून घरी परत आलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी.

लग्नाला वर्ष झालं होतं आणि उमरीच्या शाळेत हजर होण्याचा हुकूम हातात आला होता. नांदेडहून सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसले. कडक इस्त्रीची सुती साडी, पिशवीत सासूबाईंनी दिलेला डबा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता उमरीच्या पोरांचं कल्याण झालंच म्हणून समजा. मुदखेड यायच्या जरा आधी ऊन लागायला लागलं म्हणून खिडकी खाली ओढायला गेले, तर ती गंजलेली. जोर लावला आणि उजव्या हातातली हिरवी बांगडी फुटली. शेजारची बाई म्हणाली, "वाढली वं माय. कुठं निघालीस?"

"नोकरीवर. पहिलाच दिवस आहे."

तिनं नुसतं "आगं बाई" म्हटलं आणि दुसरीकडं बघायला लागली. आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण शब्द बदलल्यानं अपशकुन काही टळत नाही. मुदखेडला गाडी थांबली तशी मी पिशवी उचलून उतरले आणि उलटी गाडी येईपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. तिथंच डबाही खाल्ला. अपशकुन झाला तरी भूक लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी पोचले तर सासूबाई ज्वारी निवडत होत्या. सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "सुटली का शाळा?"

मी रडत रडत सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "माझ्या नशिबातच नाही हो नोकरी." संध्याकाळी त्यांनी हमीदाचाचीला निरोप धाडला. सवाष्णीच्या हातातली बांगडी वाढली तर ती लगोलग भरून घ्यायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

हमीदाचाची आमच्या गल्लीची मन्यारीण. नवरा बाजारात बांगड्यांचं दुकान बघायचा आणि ही घरोघर फिरून बांगड्या भरायची. बुटकी, रुंद, नाकात लवंगेएवढी चमकी आणि गालात खरोखरची लवंग. दोरीत ओवलेले बांगड्यांचे तोडे खांद्यावर टाकून ती गल्लीत शिरली, की आधी किणकिण ऐकू यायची, मग लवंगेचा वास, आणि मग ती. ती ओट्यावर बसली, माझा हात मांडीवर घेतला आणि बोटं दाबत म्हणाली, "काय गे मास्तरनी, आज तर तू उमरीला जाणार व्हतीस ना?"

सासूबाईंनीच आतून उत्तर दिलं. चाचीनं माझा हात सोडला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"बांगडी फुटली म्हणून उतरलीस? अगं, काच फुटती म्हणून माझ्या घरची चूल पेटती. नांदेडात रोज किती बायांच्या बांगड्या फुटत असतील. सगळ्या अशाच घरी परत आल्या तर रेल्वे बंद पडंल की."

"पण चाची, नेमकी आजच कशी फुटली?"

"मग कवा फुटावी? इतवारची सुट्टी बघून?" तिनं पुन्हा हात घेतला. "खिडकी गंजलेली, बांगडी काचंची, आणि जोर तुझा. यात तुझं नशीब कुठं बसलं व्हतं, मला दाव."

मी म्हटलं, हुकमात आजची तारीख होती, आता उद्या गेले तर ते घ्यायचे नाहीत.

"तर ते न्हाई म्हणू दे. त्यांचं 'न्हाई' तू कशाला घरी बसून म्हणून राहिलीस?"

दुसऱ्या दिवशी मी गेले. हेडमास्तरांनी हुकूम वाचला आणि म्हणाले, "बाई, हजर व्हायला आठवडाभर मुदत असते. तुम्ही लवकरच आलात." मी त्याच शाळेतून निवृत्त झाले. इतकी वर्षं जाता-येता रोज मुदखेड लागायचं, आणि गाडी थांबली की मी हटकून पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. त्या बाकाशी नजर भिडवायची माझी हिंमत नव्हती.

तेव्हापासून चाचीनं मला मास्तरनी म्हणायचं सोडलं नाही, आणि मी तिच्या ओट्यावर बसायचं.

तिच्या स्वतःच्या हातात मात्र काच कधी दिसली नाही. जाड स्टीलची दोन कडी, बस. विचारलं तर म्हणायची, "हलवाई पेढे खातो का?" बायकांचे हात तिला चेहऱ्यांसारखे पाठ होते आणि तिनं त्यांना नावं ठेवली होती. कुणाचा भेंडीचा हात, कुणाचा उंड्याचा, कुणाचा वकिलाचा. वकिलाचा म्हणजे प्रत्येक बांगडीला हुज्जत घालणारा. माझा हात कुठला, हे मी एकदा विचारलं. म्हणाली, "तुझा शाळेच्या पोरावाणी. आधी पळतो, मग कान धरला की गपगार येतो."

बांगडी भरायची म्हणजे नुसती घालायची नसते. अंगठ्याच्या मुळाशी दाबून हाडं एकावर एक आणायची, हात चोळत चोळत, गप्पा मारत, आणि समोरची बाई बोलण्यात गुंतली की नेमकी त्या क्षणी बांगडी गाठीवरून पुढं सरकवायची. बाईनं हात सैल सोडायला पाहिजे. आखडला तर काच फुटते, लागते. म्हणून चाची सारखी बोलत असायची. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, आणि काही नसलं तर स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याचं. आम्हाला वाटायचं बाई बडबडी आहे. ती तिची कारागिरी होती, आणि बडबडीही होतीच.

भरून झालं की रीत अशी, की बाईनं भरणारीला नमस्कार करायचा. माझ्या सासूबाई सोवळ्याच्या कडक, पण चाचीपुढं हात जोडून वाकायच्या. चाची म्हणायची, "चुडा सलामत राहू दे," आणि लगेच, "आता चहा टाका."

एक दिवस मी तिला मुद्दाम छेडलं. म्हटलं, "चाची, तू एवढ्या बायकांचे हात धरतेस, कधी कुणाचं भविष्य सांगत नाहीस?"

"जोशी हात उताणा बघतो, म्या पालथा बघते. लकीर कशी बी वळती. हड्डी वळत न्हाई."

"म्हणजे नशीब मानत नाहीस तू."

"मानते की. पाचदा नमाज उगाच पढते का? पण नशीब पाहुणा हाय गे. आला तर चहा पाजायचा. मुक्कामाला ठेवायचा न्हाई. मुक्कामाला ठेवला की घर तोच चालवाय लागतो."

ज्या जोशीकाकांचा तिनं उल्लेख केला ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. पंचांग बघायचे. एका वर्षी त्यांनी बायकांना सांगून टाकलं, की मंगळवारी, शनिवारी आणि अमावास्येला बांगड्या भरू नयेत. चाचीचा मंगळवारचा धंदा बसला. ती सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. भांडली नाही. नुसती बसली. जोशीकाकांना घराबाहेर पडायचं तर तिला ओलांडून जावं लागणार, आणि बाईला ओलांडणं तर अगदीच अशास्त्रीय. दुपारपर्यंत त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी चष्मा पुसत जाहीर केलं, की मन्यारणीच्या हातून भरल्या तर वाराचा दोष लागत नाही, तशी शास्त्रात सोय आहे. कुठल्या शास्त्रात ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नाचा चुडा चाचीनंच भरला, तोही मंगळवारी.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल बाई कशालाच भीत नव्हती. तसं नाही. तिची मुलगी शबाना. तिच्या लग्नात आम्ही गल्लीतल्या साऱ्या बायका होतो. आईच आपल्या लेकीचा चुडा भरणार, याचं केवढं कौतुक. पण शबानाचा हात काही केल्या सैल होईना. लाकडासारखा. आम्ही हसलो, लाजते पोरगी म्हणून. चाचीनं पाणी मागवलं, साबणाचा दाट फेस केला आणि सगळ्या बांगड्या सटासट चढवल्या. आम्ही वाहवा केली. वर्ष सरायच्या आत शबाना माहेरी परत आली, पोटात लेकरू घेऊन. नवरा कसा निघाला ते इथं लिहीत नाही. भावकी म्हणायची, मुकद्दर. मीही तसंच काहीतरी म्हणायला गेले होते. चाची ताटात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मुकद्दर न्हाई गे. साबण."

त्यानंतर तिनं नवरीच्या हाताला साबण कधी लावला नाही. शबाना शिलाई शिकली, लातूरला जाऊन ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं, आणि चाचा गेल्यावर आईला आपल्याकडं घेऊन गेली. गल्लीतली किणकिण थांबली. आमचं बोलणं फोनवर आलं.

आता ऋतुजाचं सांगते. ही माझी नात, माझ्या मुलाची, प्रकाशची, मुलगी. डोळे तपासायचं शिक्षण हैदराबादेत घेऊन आली होती आणि नांदेडला एका दवाखान्यात कामाला होती. लातूरजवळच्या मुरुडचं स्थळ आलं. घरची आडत, माणसं चांगली, मुलगा मितभाषी. पत्रिका अशी जुळली की गुरुजीच खूश. ऋतुजा हो म्हणाली. मग एकदा फोनवर मुलगा म्हणाला, की घरच्यांची इच्छा आहे, लग्नानंतर काही वर्षं तिनं काम करू नये, पुढचं पुढं बघू. तिनं त्यालाही बरं म्हटलं. त्यानंतर एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली. मी मेथी निवडत होते.

"आजी, मला काही ठीक वाटत नाहीये."

आणि मी काय म्हणाले असेन? इतकी वर्षं शाळेत शिकवलेली, चाचीच्या ओट्यावर मुरलेली मी म्हणाले, "अगं, गाठी वरूनच बांधून येतात. तुझ्या नशिबात चांगलंच लिहिलंय. लग्नाआधी सगळ्यांनाच असं होतं." ती हो म्हणून उठली. मुदखेडच्या बाकावरची ती पोरगी माझ्यात अजून तशीच बसून होती, फक्त केस पांढरे झाले होते.

चुडा भरायला चाचीलाच बोलवायचं असं मी ठरवलं. तिनं धंदा सोडला होता. फोनवर म्हणाली, "तुझी नात हाय म्हणून येते. न्हाई तर आता मेरे बस का नै." शबानानं तिला गाडीत बसवून दिलं. चुड्याच्या दिवशी दुपारी घरात बायकांची दाटी झाली. मुरुडहून मुलाची मावशी साडी आणि हिरवा चुडा घेऊन आली होती. चटईवर चाची बसली, समोर ऋतुजा.

चाचीनं हात हातात घेतला. चोळला. नेहमीसारखी बोलायला लागली, लातूरच्या पाण्याचं, शबानाच्या गिऱ्हाइकांचं. पहिली बांगडी गाठीवर आली आणि फुटली.

"वाढली, वाढली," बायका एकदम म्हणाल्या.

चाचीनं काच वेचली, दुसरी घेतली. बोलणं आता हळू झालं होतं. तीही फुटली. या वेळी कुणी वाढली म्हणालं नाही. ऋतुजाच्या मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला. माझी सून घाईनं म्हणाली, "चाची, साबण आणू का?"

"साबण न्हाई," चाची म्हणाली.

तिसरी फुटली तेव्हा मुरुडच्या मावशींनी पदर तोंडाला लावला आणि फोन घेऊन बाहेर गेल्या. चाचीनं सगळ्यांकडं बघितलं. "पोरीला हवा लागू द्या. जा सगळ्या बाहीर. मास्तरनी, तू थांब. आणि प्रकाशला बोलाव."

प्रकाश घाबरून आत आला. चाचीनं ऋतुजाचा हात ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाली, "बोल आता. सगळे आधीच भ्यालेत, आता तुझं ऐकतील."

ऋतुजा बापाकडं न बघता बोलली. "बाबा, मुलगा वाईट नाही. पण मला तिथं जायचं नाही. मी हो म्हटलं तेव्हा तुम्ही सगळे इतके खूश झालात, की परत तोंड उघडायला जागाच राहिली नाही."

प्रकाशचा चेहरा लाल झाला. "पत्रिका वाटून झाल्यात. आचारी येऊन बसलाय. आणि आज सांगतेस? आई, तू तरी सांग हिला."

आता माझी पाळी होती. हात पालथा केला असता तर माझीही हाडं दिसली असती. मी म्हटलं, "ती आधी माझ्याकडं आली होती, प्रकाश. मीच तिला गप्प बसवलं. नशिबाचं सांगून. आता तिचं ऐक."

तो भिंतीला टेकून खाली बसला. चटईवरचा काचेचा एक तुकडा उचलला. मग एवढंच म्हणाला, "त्यांना फोन कोण करणार?"

"मी," ऋतुजा म्हणाली.

ती गॅलरीत गेली. मी कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी झालं होतं, पण कुंड्या तक्रार करत नाहीत. तिनं मुलाला सरळ सांगितलं, की मला हे लग्न करायचं नाही, आधी सांगायला हवं होतं, माफ करा. तिकडून तो काहीतरी बोलला. ऋतुजा म्हणाली, "नाही, तसं सांगू नका. माझंच कारण सांगा."

नंतर तिनं मला सांगितलं. तो बिचारा म्हणाला होता, की आई बांगड्यांचं ऐकून हबकलीच आहे, तेच कारण पुढं केलं तर सगळ्यांना सोपं जाईल, तुझ्यावरही काही येणार नाही. आयती सुटका होती. काचेच्या माथी मारायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या नातीनं ती घेतली नाही. तिच्या वयाची असताना मी एका बांगडीच्या नावावर नोकरी सोडून आले होते. हिच्या हातात तीन फुटल्या आणि तरी ही म्हणत होती, माझं कारण माझं आहे.

दोन्ही घरची माणसं बोलायला बसली, उठली. मुरुडची माणसं खरंच चांगली. दुखावली, पण ओरडली नाहीत. पुढच्या हंगामात त्या मुलाचं लग्न झालं, सुखात आहेत असं ऐकते. लग्न मोडलं त्या रात्री आमच्या घरात मात्र अशी झोप लागली सगळ्यांना, की जणू वरातीहून परत आलोत. प्रकाशचं घोरणं शेजारच्यांनी ऐकलं. लग्नाचे लाडू आम्ही किती तरी दिवस खात होतो, आणि सर्वांत जास्त नवरीनं खाल्ले. ऋतुजा आता हैदराबादेत असते. लग्नाचं मी तिला विचारत नाही. म्हणजे आठवड्यातून एकदाच विचारते.

नात्यातल्या अर्ध्या बायका अजून म्हणतात, देवानंच खूण केली. उरलेल्या अर्ध्या म्हणतात, मन्यारणीनं घोळ घातला. मी मनातल्या मनात चाचीला हार घालत होते. काय डोकं बाईचं, असं वाटायचं. मुद्दाम केलं सगळं, मला पक्की खात्री होती.

मग लातूरला गेले तिला भेटायला. शबानाच्या दुकानामागच्या खोलीत, दारातल्या उन्हात, ती खुर्चीवर बसली होती. शिलाई मशीन पुढं चालू होतं. शबानानं आम्हाला चहा दिला. चाचीनं कप बशीत ओतायला घेतला आणि चहा बशीत कमी, मांडीवर जास्त पडला. तिचा हात थरथरत होता. थोडाथोडका नाही.

"हे कधीपासून गं?"

"लई दिवस झाले. म्हणून तर धंदा सोडला. तुझ्या नातीच्या वेळेला बी व्हतंच."

माझा सगळा हिशेब कोलमडला होता. म्हणजे म्हातारपणाचा कापरा, आणि आम्ही त्यात देव पाहिला, मी त्यात चाचीचं डोकं पाहिलं. एका थरथरणाऱ्या हातावर माझ्या नातीचं आयुष्य वळलं होतं की काय? मला हसावं की घाबरावं कळेना. ती मात्र फडक्यानं मांडी पुसत होती, निवांत. लवंग अजून गालातच होती. ती आमची शेवटची भेट. महिन्याभरात शबानाचा फोन आला. पण त्या दुपारी मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी धीर करून विचारलं, "चाची, खरं सांग. त्या बांगड्या तू फोडल्यास, का फुटल्या?"

तिनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "पहिली माझ्या कापऱ्या हातानं फुटली, ती अल्लामियाँची. दुसरीला तुझ्या नातीनं मूठ वळली, ती तिची. अल्लानं एक फोडली, पोरीनं एक फोडली, मग म्या काय नुसतं बघत बसू?"